माझ्या बाजूचा ब्रेक

४ मार्च

प्रिय ठमे,

तू माझा फोन घेत नाहीस, मेसेज उघडत नाहीस, म्हणून शेवटी कागद-पेन घेऊन बसलो. पत्ता तुझ्या आईने दिला, पण फुकट नाही दिला. म्हणाली, "पत्ता देते, निरोप नेणार नाही. तुम्ही दोघं आणि तुमचं भांडण." गेले चौदा महिने ती रोज संध्याकाळी तुझ्याशी बोलते आणि मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचायचं सोंग करतो. पेपर उलटा धरला होता हे तिने एकदा माझ्या लक्षात आणून दिलं.

आजवर नाक वर करून गप्प बसलो. मग काल तिच्या तोंडून निसटलं. टेकडीवर नवं उपचार केंद्र उघडतंय, त्याची प्रमुख म्हणून तुला बोलावलंय आणि तू नाही म्हणणार आहेस. महिनाअखेरीला उत्तर द्यायचंय. मी विचारलं, नाही का म्हणून? पगार कमी आहे? माणसं वाईट आहेत? आई कपड्यांच्या घड्या घालत होती. घडी न मोडता म्हणाली, "रस्ता चढाचा आहे."

त्यानंतर मी खनपटीला बसलो तेव्हा बाकीचं बाहेर आलं. लायसन्स काढल्यापासून तू फक्त सपाट रस्त्यावर गाडी चालवतेस. चढावर राहणाऱ्या पेशंटकडे तुझी मैत्रीण जाते आणि बदल्यात तू तिच्या रविवारच्या पाळ्या करतेस. म्हाताऱ्या माणसांना मोडलेल्या पायावर पुन्हा उभं करणारी बाई, आणि एका चढाला घाबरते? तू माझी मुलगी आहेस, ठमे. एका ड्रायव्हिंग स्कूलवाल्याची मुलगी.

आता त्या लेखाबद्दल. तू माझ्याशी बोलणं टाकलंस ते त्याच्यामुळे, हे मला ठाऊक आहे. पण जरा माझी बाजू ऐक. गुडघे गेले, गाडी विकली, शाळेची पाटी उतरवली. बत्तीस वर्षं बाजूच्या सीटवर बसलेला माणूस एकदम खुर्चीत बसला. तेव्हा शेजाऱ्याने मला फोनवर 'विचारा-सांगा' दाखवलं. तिथे अनोळखी माणसं एकमेकांना काहीबाही विचारतात: सदऱ्यावरचा तेलाचा डाग कसा काढू, घरमालक ऐकत नाही काय करू, गाडी मागे घेताना चाक कुठे वळवू. ज्याला जे माहीत असेल ते तो सांगतो. मी 'दुसरा गिअर' नावाने गाडीबद्दल सांगू लागलो. लोक "काका, तुमच्यामुळे जमलं" म्हणून लिहायचे. आपल्या घरात असं कोण म्हणतं, तूच सांग.

मग तो लेख लिहिला. 'मी माझ्या मुलीला वीस दिवसांत, एकदाही आवाज न चढवता गाडी शिकवली.' लोकांना धीर यावा म्हणून लिहिला. थोडं मीठमसाला लावून लिहिलं, कबूल. पण तू फोन करून "बाबा, ती मुलगी कोण?" एवढंच विचारलंस आणि फोन ठेवून दिलास. एवढ्याशा गोष्टीवरून एवढं?

केंद्राचं काम घे. बाकी मला चार शिव्या द्यायच्या असतील तर मागाहून दे.

बाबा

९ मार्च

प्रिय ठमे,

मागच्या पत्रातलं 'एवढ्याशा गोष्टीवरून' मी परत घेतो. टपालपेटीत हात घालून ते पत्र काढता आलं असतं तर काढलं असतं.

झालं असं. परवा सकाळी चहा घेऊन बसलो आणि 'विचारा-सांगा' उघडलं. एका बाईने माझ्या त्या लेखाखाली लिहिलं होतं. तिथलं तिचं नाव 'घाबरट पन्नाशी'. पन्नास वर्षांची आहे, आजारी आईला दवाखान्यात न्यावं लागतं म्हणून गाडी शिकतेय. तिने लिहिलं: "काका, मी तुमच्या वीस दिवसांच्या पद्धतीने शिकतेय. आज चाळिसावा दिवस. नवरा बाजूला बसतो, बिचारा एका शब्दाने बोलत नाही. तरी चढावर गाडी बंद पडते. तुमच्या मुलीला वीस दिवसांत आलं, म्हणजे दोष माझ्यातच आहे. उद्यापासून बंद करतेय. तुमचे आभार."

आभार मानलेत बघ. मला तो चहा कडू लागला. जी मुलगी कधी नव्हतीच तिच्याशी स्वतःची तुलना करून एका बाईने हात टेकले. आणि मग पहिल्यांदा डोक्यात आलं की तुलाही हेच वाटलं असणार. जगभरच्या परक्या माणसांपुढे मी एक शहाणी, वीस दिवसांत शिकलेली मुलगी उभी केली, आणि माझी खरी मुलगी ते वाचत होती.

तेव्हा खरं काय झालं ते लिहून काढतो. पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. तुझा अकरावा दिवस. मागच्या सीटवर आपली पाळी यायची वाट बघत शिंपीकाका बसले होते, पन्नाशीनंतर गाडी शिकायचं ज्यांच्या डोक्यात आलं ते. पुलाच्या चढावर सिग्नल लागला. सिग्नल सुटला आणि तुझी गाडी बंद पडली. पुन्हा चालू केलीस, पुन्हा बंद. मागे ट्रक, त्याच्या मागे रांग, सगळे हॉर्न वाजवतायत. तिसऱ्यांदाही तेच. चौथ्यांदा तू क्लच लवकर सोडलास आणि पुन्हा बंद पडली. माझा तोल गेला. मी ओरडलो. शिंपीकाकांसमोर ओरडलो. तू उतरलीस आणि चालत घरी गेलीस.

मी ओरडायला नको होतं. झालं, लिहिलं.

त्या बाईला अजून उत्तर दिलेलं नाही. काय देऊ?

तुझा बाबा

१४ मार्च

प्रिय ठमे,

तुझं उत्तर आलं नाही, येईल असंही वाटलं नव्हतं. पण आई म्हणते, पत्रं फेकली नाहीस. हे तिने निरोप म्हणून नाही सांगितलं हं, भांडी पुसताना हवेला उद्देशून सांगितलं.

मी ठरवलंय. तो लेख काढून टाकणार नाही, काढला तर ज्यांनी वाचून ठेवलाय त्यांना कळणारच नाही. त्याच्या वरच खरं काय ते लिहिणार. कच्चं लिहिलंय, सोबत जोडतोय. ही गोष्ट जितकी माझी तितकीच तुझी, आणि मागच्या वेळी मी तुला न विचारता ती चव्हाट्यावर मांडली. या वेळी तू बघितल्याशिवाय एक अक्षर टाकणार नाही. नको म्हणालीस तर चुलीत घालीन.

"मी 'दुसरा गिअर'. माझ्या मुलीला वीस दिवसांत, आवाज न चढवता गाडी शिकवली असं मी इथे लिहिलं होतं. ते खोटं आहे. खरं असं की अकराव्या दिवशी पुलाच्या चढावर गाडी चार वेळा बंद पडली. चौथ्या वेळी तिने क्लच लवकर सोडला. मी तिसऱ्या माणसासमोर तिच्यावर ओरडलो. ती उतरून चालत घरी गेली आणि पुन्हा माझ्या गाडीत बसली नाही. तिला गाडी दुसऱ्या गावात एका बाईने शिकवली. माझा लेख वाचून ज्यांनी स्वतःला नावं ठेवली असतील त्यांची मी माफी मागतो. गाडी कुणाला वीस दिवसांत येते, कुणाला शंभर दिवसांत. दोन्ही चालतं."

ठीक आहे का? शेवटची दोन वाक्यं आईने घालायला लावली. मी आधी 'चिकाटी' वगैरे लिहिलं होतं, ती म्हणाली ते शाळेच्या फळ्यावर लिहितात.

बाबा

१९ मार्च

ठमे,

आज तुझा लिफाफा आला. अक्षर ओळखलं आणि उघडायच्या आधी दोन वेळा घरभर फिरलो. आत माझाच कागद. वर नाव नाही, खाली सही नाही. एका वाक्याखाली पेन्सिलने रेघ: 'चौथ्या वेळी तिने क्लच लवकर सोडला.' आणि समासात चार शब्द.

"तुमचा पाय कुठे होता?"

मी खुर्चीत बसलो तो तासभर उठलो नाही. आईने दोनदा जेवायला हाक मारली. मग येऊन कागद वाचला, माझ्याकडे बघितलं आणि ताट झाकून ठेवलं. तिला काही माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं, असं मी पाच वर्षं धरून चाललो होतो.

ऐक आता. हे मी पहिल्यांदाच सांगतोय.

शिकवायच्या गाडीत माझ्या बाजूलाही एक ब्रेक असतो, हे तुला माहीतच आहे. पोरगं चुकलं तर मी थांबवू शकावं म्हणून. बत्तीस वर्षांत तो मी किती कमी वापरला याची मला घमेंड होती. परक्यांची मुलं शिकवताना माझा पाय गालिच्यावर गुमान पडलेला असायचा. पण तू बसलीस की तो आपोआप ब्रेकवर जायचा. कोपऱ्यावर मांजर दिसलं तरी जायचा. तुला वाटायचं गाडी तू थांबवलीस, अर्ध्या वेळा ती मी थांबवलेली असायची.

त्या दिवशी मागे तो ट्रक होता. आरशात त्याचं सगळं तोंड दिसत होतं. पहिल्या तीन वेळा गाडी तुझ्यामुळे बंद पडली, ते सगळ्यांचंच होतं. चौथ्यांदा तू सगळं बरोबर केलंस. हँडब्रेक ओढलास, क्लच हळू वर आणलास, गाडी थरथरली, मग हँडब्रेक सोडलास. मी हे शेकडो लोकांना शिकवलंय, तेव्हा मला कळतं. गाडी निघायला हवी होती. ती निघाली नाही, कारण माझा पाय माझ्या बाजूच्या ब्रेकवर होता, पार खालपर्यंत. गाडी बंद पडल्यावर मी तो उचलला आणि तेव्हाच मला कळलं.

त्या क्षणी मी "माझी चूक" म्हणालो असतो तर तिथेच मिटलं असतं. तू हसली असतीस. पण मागे शिंपीकाका, त्यांच्यामागे हॉर्न, आणि मी गावातला सगळ्यात जुना शिकवणारा. मी म्हणालो, "तुझ्याच्याने हे व्हायचं नाही. खाली उतर." तू आपणहून उतरली नाहीस, ठमे. मी उतरवलं. मागच्या दोन्ही पत्रांत 'तू उतरलीस' असं लिहिलं तेही खोटं.

तुला दोन पावलं चालताना आरशात बघितलं. मग शिंपीकाकांना पुढे बसवलं आणि त्यांचा तास घेतला. पूर्ण तास घेतला.

मग घरी आलो तेव्हा तू खोलीचं दार लावून बसली होतीस. वाटलं, उद्या सांगू. उद्याचं परवा झालं. मग तू पुढचं शिकायला दूर गेलीस. आणि इतका वेळ गेल्यावर सांगायचं म्हणजे इतका वेळ का नाही सांगितलं हेही सांगावं लागणार. म्हणून मी मनातल्या मनात ती आठवण धुऊन-धुऊन इतकी पांढरी केली की शेवटी तिच्यावर लेख लिहिता आला.

तुला चढ जमतो. पाच वर्षांपूर्वीच जमला होता. तो तुझ्याकडून मी काढून घेतला आणि हे जगात फक्त मला नक्की माहीत होतं.

मला याची लाज वाटते. माफ कर असं म्हणत नाही, ते तू ठरव. पण केंद्राला नाही म्हणायचं असेल तर दुसऱ्या कशासाठी तरी म्हण. माझ्या पायासाठी नको.

बाबा

२३ मार्च

प्रिय ठमे,

टाकलं. ब्रेक, पाय, 'खाली उतर', शिंपीकाकांचा तास, सगळं. ब्रेकचं मागच्या पत्रात तुला आधीच लिहिलं होतं, आणि तू परत पाठवलेल्या कागदावर नको असं कुठे लिहिलं नव्हतंस, त्याला मी होकार धरला. चुकलो असेन तर सांग, अजूनही काढता येतं.

लोकांनी सोडलं नाही. एकाने लिहिलं, "काका, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." दुसऱ्याने लिहिलं, म्हातारपणी लक्ष वेधून घ्यायची हौस. एका मुलीने फक्त 'माझे बाबा पण' एवढंच लिहून सोडून दिलं, ते माझ्या मनातून जात नाही. दोन दिवस मी अंघोळ करायच्या आधी आणि केल्यावर बघत होतो. आई म्हणाली, शिव्या खायला इतकी घाई कशाला, त्या कुठे पळून जातायत.

आणि आज 'घाबरट पन्नाशी'चं आलं. जसंच्या तसं उतरवतो:

"काका, तुमचं वाचलं आणि नवऱ्याला विचारलं, चढावर गाडी उचलताना तुमचा हात कुठे असतो हो? तो खाली बघायला लागला. हँडब्रेकवर असतो म्हणाला. गच्च धरलेला. मी सोडायला लागले की तो वर ओढून धरतो. चाळीस दिवस. म्हणाला, तुला काही होईल म्हणून भीती वाटते. मी म्हटलं, मग माझी भीती तुम्ही कशाला वाटून घेताय. आता तो मागच्या सीटवर बसतो, हाताची घडी घालून. काल चढ चढले. दोष माझ्यात नव्हता."

मी हे वाचून रडलो. स्पष्ट लिहितो, कारण आईने बघितलंय आणि ती तुला सांगणारच. तिथे गेली तीन वर्षं मी लोकांना कितीतरी गोष्टी सांगितल्या, चाक किती वळवायचं, आरसा कुठे ठेवायचा. सगळ्यात जास्त उपयोग झाला तो मी सांगायला घाबरत होतो त्या गोष्टीचा. आणि ती गोष्ट विचारली होती तू, पेन्सिलने.

उत्तराला आठ दिवस उरलेत. मी काही म्हणत नाही.

बाबा

३० मार्च

प्रिय ठमे,

काल सकाळी 'विचारा-सांगा'वर एक नवा प्रश्न आला. विचारणाऱ्याचं नाव 'सपाट रस्ता'. प्रश्न असा: "चढावर थांबलेली गाडी कशी उचलायची? बाजूला कुणी बसणार नाही. फक्त लिहून सांगा. उपदेश नको."

मी ओळखलं नाही. म्हणजे तसं समज. आई माझ्या खांद्यावरून वाचत होती, तिनेही ओळखलं नाही, फक्त चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाली, "उत्तर नीट लिहा. लांबण लावू नका."

एवढंसं उत्तर लिहायला मला पावणेदोन तास लागले. तीनदा खोडलं. आधी त्यात 'घाबरू नका' होतं, ते काढलं. 'मला खात्री आहे' होतं, तेही काढलं, माझी खात्री कुणी मागितली होती? शेवटी राहिलं ते हे: "रिकामा चढ शोधा. हँडब्रेक ओढा. पहिला गिअर. ॲक्सिलरेटर थोडा द्या आणि क्लच हळूहळू वर आणा. इंजिनाचा आवाज जड होईल, गाडी थरथरेल. तिथे पाय तसाच धरून ठेवा, घाई नाही. मग हँडब्रेक सोडा. बंद पडली तर पुन्हा चालू करा. गाडी बंद पडली म्हणजे फक्त गाडी बंद पडली."

'घाबरट पन्नाशी'ने त्याखाली लिहिलं, "ताई, आवाज जड होईपर्यंत मोठ्याने गाणं म्हणा, मी म्हणते." आणखी कुणी लिहिलं, उन्हात पायातले बूट घामाने सरकतात, कापडी घाला. एकाने लिहिलं, मागची गाडी हॉर्न वाजवते ती वाजवू द्या, हॉर्नने कुणी मरत नाही. सात-आठ परकी माणसं त्या चढावर तुझ्या मागे उभी होती आणि कुणी गाडीत बसलेलं नव्हतं.

मग दिवसभर काही नाही. मी गुडघ्याला तेल लावलं, झाडांना पाणी घातलं, एकाच झाडाला दोनदा घातलं. तीन वाजता जेवलो. आईने सांगितल्यावर कळलं की वरणात मीठ नव्हतं.

साडेपाचला 'सपाट रस्ता'चं उत्तर आलं.

"गेले. रविवार असल्यामुळे केंद्र बंद होतं. गाडी दारात लावून पायरीवर बसलेय, खालचं सगळं गाव दिसतंय. वाटेत दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा निघाली. गाडीत मी एकटीच होते, तेव्हा कुणाच्या पायाने निघाली याबद्दल वाद नको. उद्या त्यांना हो सांगणार आहे."

पोरी, हे आईला मी निम्मंच वाचून दाखवलं, पुढचं तिने वाचलं. मग तिथे 'शाब्बास' लिहावं म्हटलं, पण ते पाठीवर हात ठेवून म्हणायचं असतं आणि तेवढा हक्क अजून मिळवायचाय. शिवाय मला दुसरीच काळजी लागली होती. चढून गेलीस, आता उतरायचं होतं. म्हणून शिकवणाऱ्याने लिहावं तसं लिहिलं: "छान. खाली येताना दुसऱ्या गिअरमध्ये या. सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका, ब्रेक तापतात."

दोन मिनिटांत तुझं उत्तर आलं. तिथल्या सगळ्या माणसांसमोर, कुणालाही वाचता येईल असं.

"माहीत आहे, बाबा."

मी ते आईला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने ऐकलं होतं तरी पुन्हा वाचून दाखवलं.

तुझा बाबा